आधी रिसेट, मग हात

"ते थांबणं काढून टाक," अभयदादा म्हणाले. "आजच्या आज."

मी म्हणाले, "नाही काढणार."

केबिनमधला एसी घरघरत होता. माझे वरिष्ठ नेर्लेकर सर माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून पेनाचं टोपण काढत होते, लावत होते, पुन्हा काढत होते. शिरोली एमआयडीसीतल्या थोरवत कंट्रोल्समध्ये मालकाला 'नाही' म्हणायची पद्धत नव्हती. 'बघतो दादा', 'करून टाकू दादा', अगदीच झालं तर 'जरा अवघड आहे दादा'. 'नाही' हा शब्द फक्त ॲडव्हान्स मागायला गेलेल्या कामगाराला वरून खाली यायचा. खालून वर जाताना तो त्या केबिननं पहिल्यांदाच ऐकला असणार.

अभयदादा हसले. रागावण्याआधी ते हसायचे.

"छाया, शेलारसाहेब गुरुवारी चाकणवरनं येतायत. त्यांच्या सगळ्या प्रेसवर आपले कंट्रोलर बसणार आहेत. आणि तू काय करून ठेवलंयस? शेजारी वेल्डिंग सुरू झालं की प्रेस थांबतोय, आणि बाईनं बटन दाबल्याशिवाय परत चालूच होत नाही. कोण घेईल असलं? मशीन थांबलं की गिऱ्हाईक थांबतं."

"आणि मशीन नाही थांबलं तर हात जातो."

"कुणाचा गेला?"

"अजून नाही."

"मग?"

तो 'मग?' आजही माझ्या कानात आहे. त्यात धमकी नव्हती, कावा नव्हता. अगदी सरळ प्रश्न होता. अजून कुणाचा गेला नाही, मग तुला काय अडचण आहे?

मी सरांकडे पाहिलं. टोपण लागलं.

"दादा, तिचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे," सर म्हणाले. "पण ते पुढच्या बोर्डमध्ये सुधारता येईल."

'तांत्रिकदृष्ट्या बरोबर' म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. बरोबर आहे, पण ऐकायचं कारण नाही.

आता हे प्रकरण काय होतं ते सांगते. तुम्हाला मशीनमधलं काही कळत नसलं तरी हे कळेल. कळू नये असं ज्यांना वाटतं तेच असल्या गोष्टी अवघड करून सांगतात.

पॉवर प्रेस म्हणजे पत्रा दाबून त्याला आकार देणारं यंत्र. वरून जड ठोकळा खाली येतो, खालच्या डायवर, म्हणजे साच्यावर, ठेवलेला पत्रा वाकतो. पत्रा ठेवायला आणि काढायला माणसाचा हात मध्ये जातो. हात आणि ठोकळा एकाच वेळी तिथं पोचले तर काय होतं ते विचारायला लांब जायला नको. प्रेसशॉपच्या बाहेरच्या चहाच्या गाड्यावर उभं राहा आणि माणसं कप कसा धरतात ते बघा.

म्हणून प्रेसच्या तोंडापुढे किरणांचा पडदा बसवतात. किरण डोळ्यांना दिसत नाहीत. हात आडवा आला की पडदा क्लच सोडवतो आणि ठोकळा असेल तिथं थांबतो. नियमानं पडद्याची तार थेट क्लचलाच जायला हवी, मध्ये कुणाची लुडबुड नको. आम्ही मध्ये आमची पेटी, म्हणजे कंट्रोलर, घातली होती, कारण त्यानं खर्च कमी होत होता. पेटीत छोटा कॉम्प्युटर होता. त्याला दोन मॉड्यूल जोडलेली. एक ठोकळ्याचे स्ट्रोक, म्हणजे ठोके, मोजणारा काउंटर, दुसरा पडदा. कॉम्प्युटरचा जो प्रोग्राम मॉड्यूलशी बोलतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. ते लिहायचं काम माझं आणि सरांचं. हे मला कुठल्या कॉलेजनं शिकवलं नाही. डिप्लोमाला आम्हाला धूळ बसलेला एक सर्किटबोर्ड लांबून दाखवला होता. बाकी सगळं मी इंग्रजी कागद शब्दकोशाशी भांडत वाचून शिकले. जिथं अडले तिथं नेर्लेकर सरांनी शिकवलं. हे ऋण आहे आणि मी ते नाकारत नाही. पण ऋण म्हणजे तोंडाला लावलेलं कुलूप नव्हे.

शेजारी वेल्डिंग सुरू झालं की विजेचा धक्का बसून काउंटरचं मॉड्यूल अडकायचं. सरांच्या ड्रायव्हरमध्ये त्यावर एकच इलाज होता, रिसेट. काउंटर उत्तर देईना झाला की रिसेटची तार खेचायची. मॉड्यूल बंद पडून नव्यानं जागं व्हायचं. मग ड्रायव्हर त्याला मघाचा आकडा परत भरवायचा आणि गाडी पुढे. पापणी लवायच्या आत सगळं आटपायचं. स्क्रीनवर एक अक्षर यायचं नाही. आमच्या माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं, 'आमचा काउंटर कधीच अडकत नाही.'

अडकत होता. फक्त सांगत नव्हता.

बोर्डाचा नकाशा काढताना कुणीतरी एक तार वाचवली होती. रिसेटची एकच तार काउंटरला आणि पडद्याला, दोघांनाही जात होती. एका बटनावर दोन खोल्यांचे दिवे असावेत तसं. ह्या खोलीतला उंदीर हाकलायला बटन खालीवर करा, त्या खोलीत जेवणाऱ्याच्या ताटात अंधार. काउंटर अडकला म्हणून तार खेचली की पडदाही रिसेट व्हायचा. काउंटरला त्याचा आकडा परत द्यायला ड्रायव्हर हजर. पडद्याला विचारणारं कुणी नाही. आणि नव्यानं उठलेला पडदा राखण करत उठत नसे. डाय बसवताना फिटरला हात आत घालावाच लागतो, तेव्हा पडद्यानं गप्प बसायचं असतं. तो त्या गप्प अवस्थेत उठायचा. सकाळी मशीन चालू करताना मुख्य प्रोग्राम त्याला सांगायचा, 'आता राखण कर.' दुपारी मध्येच रिसेट झाला तर ते सांगणार कोण? दिवा हिरवा, आकडा बरोबर, आणि पडदा आंधळा.

हे मला कसं सापडलं, तर उसामुळे.

आमच्या टेस्टिंग शेडमध्ये आक्काताई कोरवी प्रेस चालवायच्या. गिऱ्हाइकाकडे जाणारी प्रत्येक पेटी आधी त्यांच्या प्रेसवर दिवसभर राबायची. पडदा तपासायला त्या भावाच्या रानातलं उसाचं कांडकं आणायच्या. ठोकळा खाली येत असताना कांडकं पडद्यातून आत घालायचं. प्रेस थांबला की पेटी पास.

"पास झालं की ऊस मी खाते," त्या म्हणायच्या. "नापास झालं की मशीन खातंय."

मशीननं खाल्लेलं मात्र कुणी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मी सहज त्यांच्या प्रेसपाशी उभी होते. पलीकडच्या पत्र्याच्या आडोशाला वेल्डिंग चाललेलं. आक्काताई माझ्याशी बोलत होत्या, माझ्या लग्नाचा विषय होता, म्हणजे मी ऐकत नव्हते. बोलता बोलता त्यांनी कांडकं आत घातलं.

कचकन आवाज झाला. रस माझ्या चष्म्यावर उडाला.

आक्काताईंच्या हातात वरचं पेर तेवढं राहिलं. त्यांनी ते बघितलं. मग पडद्याच्या हिरव्या दिव्याकडे बघितलं. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे.

"म्याडम," त्या म्हणाल्या, "मघाशी पत्रा तिरका बसलावता. ह्या हातानं सरळ केला मी."

मी त्यानंतर प्रेस बंद करायला लावला आणि तार शोधत बसले. सापडली तेव्हा मला आनंद झाला नाही. मी ड्रायव्हर बदलला. रिसेट मारायच्या आधी क्लच सोडायचा, प्रेस थांबवायचा. रिसेटनंतर काउंटरला आकडा द्यायचा आणि पडद्यालाही सांगायचं, राखण कर. पडद्यानं 'करतोय' असं उत्तर दिलं तरच पुढे. आणि स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत मराठीत, 'पडदा पुन्हा जागा केला आहे. तपासा आणि बटन दाबा.' बाईनं बघायचं, बटन दाबायचं, मगच प्रेस हलणार.

हेच ते 'थांबणं'. हेच काढून टाक म्हणत होते.

केबिनमधून बाहेर पडल्यावर सर मला कॅन्टीनमध्ये घेऊन गेले. दोन चहा मागवले. माझ्या चहात साखर कमी टाकायला सांगितली, त्यांना माहीत होतं. अशी माणसं वाईट असती तर सोपं झालं असतं.

"छाया, तू जुनी होशील तेव्हा तुला कळेल," ते म्हणाले. "ड्रायव्हरनं बोलायचं नसतं. गिऱ्हाइकाला यंत्र दिसलं पाहिजे, आपण नाही. आत काही बिघडलं तर आत निस्तरायचं. त्यालाच कसब म्हणतात."

"निस्तरलं कुठं सर? अर्धंच निस्तरलं. काउंटर उठवला आणि पडदा तसाच टाकला."

"एक तार दोघांत आहे हे मला माहीत नाही असं वाटतं तुला?"

माझा कप ओठापर्यंत आला होता. तिथंच थांबला.

"कधीपासून माहीत आहे?"

त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं, ते तुटून आत पडलं, ते चमच्यानं काढत बसले. "मी दादांना तेव्हाच सांगितलं होतं. ते म्हणाले, पुढच्या बोर्डला. बोर्ड बदलायचा म्हणजे सगळंच नवीन. मलाही पोरं आहेत छाया."

"आक्काताईंना हात आहेत सर."

"शेलारांच्या डेमोला जुना ड्रायव्हर मी घालतो," ते म्हणाले. "तू घालू नकोस. तुझ्यावर काही यायला नको."

त्यांना वाटलं ते माझ्यावर उपकार करतायत. मी चहा तसाच ठेवून उठले.

आता थोरवतांचा एक रिवाज सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर फिरलं. अभयदादांचे वडील आबासाहेब, त्यांनी पहिला पडदा बनवला तेव्हा गिऱ्हाइकाला म्हणे विश्वास बसेना. म्हणून आबांनी बाही वर केली आणि खाली येणाऱ्या ठोकळ्याखाली स्वतःचा हात घातला. प्रेस थांबला. त्या दिवसापासून ठरलं की मालकानं हात घातल्याशिवाय एकही लॉट शेडच्या बाहेर जाणार नाही. आबा गेले, रिवाज राहिला. अभयदादाही हात घालायचे. शेडमध्ये त्याला 'हाताचा दिवस' म्हणत. पेढे यायचे, फोटो निघायचे, झाडलोट व्हायची. आणि पलीकडचं वेल्डिंग बंद असायचं. पाहुण्यांच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून, असं आम्हाला सांगितलेलं.

गुरुवारी शेलार आले. ठेंगणा, शांत माणूस, पांढरा शर्ट, खिशाला चष्मा. आल्या आल्या त्यांनी शेडमधल्या प्रत्येकाला नमस्कार केला, आक्काताईंनाही. मला माणूस बरा वाटला. मी मागे खांबापाशी उभी होते. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण जा असंही कुणी म्हणालं नव्हतं.

सरांनी पेटी बंद करून पुन्हा चालू केली. ताजी, नुकतीच उठलेली, पडद्याला नुकतंच 'राखण कर' सांगितलेलं. आक्काताईंनी प्रेस सुरू केला. धडाक्, धडाक्, पत्रे वाकू लागले. अभयदादांनी आबांची गोष्ट सांगितली, रंगवून. मग घड्याळ काढून खिशात टाकलं, बाही दुमडली आणि सरांकडे वळून हळूच विचारलं,

"तिकडचं बंद आहे ना?"

सरांनी मान हलवली.

मी ते ऐकलं. आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला म्हणणं बरोबर नाही, डोक्यात जाळ झाला. पाहुण्यांचे डोळे नव्हेत. वेल्डिंगनंच पडदा आंधळा होतो हेही ह्यांना माहीत होतं. दोघांनाही. इतकी वर्षं हाताच्या दिवशी वेल्डिंग बंद ठेवलं जात होतं ते एका हातासाठी. बाकीच्या दिवशी जे हात आत जात होते त्यांच्यासाठी नाही.

"दादा, थांबा," मी म्हणाले.

शेड मोठी होती आणि माझा आवाज तिच्याहून मोठा निघाला. अभयदादा वळले. ते हसले.

"साहेब, ही आमची छाया. सॉफ्टवेअरला आहे. हुशार आहे, जरा..." त्यांनी हातानं डोक्यापाशी काहीतरी खूण केली.

"वेल्डिंग चालू करा आणि मग हात घाला," मी म्हणाले.

"छाया, केबिनमध्ये जा."

"साहेबांच्या कारखान्यात वेल्डिंग असणारच. साहेब, असतं ना?"

शेलार चष्मा लावत होते. "असतं की. कायम असतं. का?"

"मग तसंच बघा ना. आंघोळ घालून, पावडर लावून दाखवलेली मुलगी पसंत करताय, घरी नेल्यावर बघणार का कशी आहे?"

शेलार खुदकन हसले. दादांना हसता येईना. पाहुणा हसल्यावर मालकाला ओरडता येत नाही, आणि त्या फटीतून मी निघाले. आडोशाला गेले आणि वेल्डरला म्हणाले, लाव. त्यानं एकदा मालकाकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्यानं तोंडावर काच ओढली. काचेमागे माणसाला बहुतेक धीर येत असावा.

निळा उजेड भिंतीवर नाचू लागला. प्रेस चालतच राहिला. धडाक्, धडाक्. काउंटरचा आकडा एकेकानं पुढे जात राहिला. हिरवा दिवा हिरवाच. काही म्हणजे काहीही बदललं नाही.

"बघा," अभयदादा म्हणाले. "काय झालं? काही नाही."

"तेच सांगतेय मी. काही झाल्यासारखं दिसत नाही. आता घाला हात."

दादांची बाही दुमडलेली होती. हात तयार होता. प्रेस चार पावलांवर होता. ते हलले नाहीत. त्यांच्या कपाळावर घाम आला तो मी बघितला, शेलारांनीही बघितला. मग दादांनी जे केलं ते मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय, इथंही सांगते. त्यांनी मान वळवली आणि म्हणाले,

"आक्काताई, घाला ओ तुम्ही. दाखवा साहेबांना."

आक्काताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा आवाज चढला नाही.

"आबांचा रिवाज मालकाच्या हाताचा हाय दादा. माझा हात रोजच आत असतुया, त्याचं कुणाला कवतिक?"

मग त्यांनी बाकाखालून उसाचं कांडकं काढलं. चांगलं जाडजूड, मनगटाएवढं. ते मुद्दाम निवडलं होतं का ते मी कधी विचारलं नाही. ठोकळा खाली येऊ लागला आणि त्यांनी ते किरणांतून आत घातलं.

प्रेस थांबला नाही.

रस अभयदादांच्या दुमडलेल्या बाहीवर उडाला. चोयट्या खाली पडल्या. हिरवा दिवा जळत होता. आक्काताईंनी प्रेस बंद केला आणि हातातलं उरलेलं पेर दादांच्या पुढ्यात, पेढ्यांच्या ताटात ठेवलं.

मला वाटलं, झालं. आता शेलार खवळतील, आता न्याय होईल. मी वयानं लहान होते.

शेलारांनी चष्मा काढून पुसला. "ताई, तुम्ही दुरुस्त केलंय म्हणता ते कसं आहे?"

"रिसेट झालं की प्रेस थांबतो. पडदा जागा झाल्याची खात्री करतो. बाईनं बटन दाबलं की चालू."

"दिवसातनं किती वेळा थांबेल?"

"जितक्या वेळा रिसेट होईल तितक्या वेळा. पडद्याला वेगळी तार द्या, म्हणजे काउंटरपायी थांबणार नाही. तोवर थांबेल."

त्यांनी थोडा विचार केला. मग अभयदादांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तितक्याच शांतपणे म्हणाले, "दादा, आपण आत बसून बोलू. थांबणारं मला परवडत नाही. आहे तेच द्या, पडद्याचं काय ते आमचं आम्ही बघू. रेटचं मात्र बघा थोडं."

सगळ्यांना नमस्कार करणारा माणूस. मला तेव्हापासून नमस्कारांची भीती वाटते.

दादांचा चेहरा सैलावला. ते वळलेसुद्धा. आणि आक्काताई प्रेसच्या समोरून उठून शेडच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"लॉट भाईर जायाचा असंल तर हात घाला," त्या म्हणाल्या.

"आक्काताई, बास झालं आता."

"बास न्हाई. हात घातल्याबिगर मशीन भाईर जात न्हाई. तुमच्याच बापाचा रिवाज हाय, माझ्या न्हवं. ह्येच मशीन द्यायचंय न्हवं? घाला की मग. वेल्डिंग चालूच हाय."

वेल्डरनं काच वर केली आणि तोही येऊन दारात उभा राहिला. पॅकिंगची पोरं खोकी सोडून उभी राहिली. कुणी घोषणा दिली नाही. नुसतं कुणी हललं नाही. आबांच्या रिवाजाचे पेढे इतकी वर्षं सगळ्यांनी खाल्ले होते. तो खोटा आहे असं मालकानं पाहुण्यासमोर म्हणायचं, नाहीतर हात घालायचा.

अभयदादांना दोन्ही जमेना.

तेव्हा नेर्लेकर सर हलले. ते पेटीजवळ गेले, केबल जोडली, लॅपटॉप उघडला. "छायाचा ड्रायव्हर घालतोय," ते म्हणाले. दादांनी "सर!" अशी हाक मारली. सरांनी मान वर केली नाही.

पेटी नव्यानं चालू झाली. आक्काताई परत जागेवर आल्या, वेल्डर त्याच्या. प्रेस सुरू झाला, निळा उजेड नाचला, आणि ठोकळा मध्येच, हवेत थांबला. स्क्रीनवर माझी अक्षरं आली. पडदा पुन्हा जागा केला आहे. तपासा आणि बटन दाबा. आक्काताईंनी वाचलं, बटन दाबलं. धडाक्, धडाक्.

मी प्रेसपाशी गेले.

माझा ड्रायव्हर मी उसानं खूपदा तपासला होता. हातानं कधीच नाही. ऊस आणि हात यात काय फरक असतो ते हात घालतानाच कळतं. लिहिलेली प्रत्येक ओळ डोळ्यांपुढून जाते आणि प्रत्येक ओळ चुकीची वाटते. डावा घालावा असं क्षणभर वाटलं. मग मी उजवाच पुढे केला. आक्काताईंचा उजवाच जातो.

माझ्या हाताशेजारी अजून एक हात आला. पिकलेले केस, पेनाची शाई लागलेलं बोट. नेर्लेकर सर.

मला गहिवरून वगैरे आलं नाही. मला संताप आला.

"इतकी वर्षं कुठं होता हा हात सर?"

"वेल्डिंग बंद करत होता," ते म्हणाले.

ठोकळा खाली येऊ लागला. आम्ही दोघांनी हात घातले.

तो आमच्या बोटांच्या वीतभर वर थांबला. लोखंडाला तेलाचा वास असतो हे मला माहीत होतं, पण इतक्या जवळून त्याची ऊबही लागते हे माहीत नव्हतं. आम्ही हात लगेच काढले नाहीत. सगळ्यांना दिसेपर्यंत तिथंच ठेवले.

त्याच संध्याकाळी मला कामावरून काढलं. अभयदादा हसतच म्हणाले, "तू मोठी हो, पण दुसरीकडं हो." मी म्हणाले, "होईन. तुमच्या बाहीवरचे डाग धुवून घ्या, उसाचे जात नाहीत." तो लॉट माझा ड्रायव्हर घालूनच गेला, कारण दारातली माणसं लॉट लोड होईपर्यंत दारातून हलली नाहीत. शेलारांनी रेट पाडून तो घेतला. पुढच्या लॉटमध्ये काय गेलं ते मला माहीत नाही. सरांनी नंतर फोन केला नाही, मीही केला नाही. आक्काताई पुढे बरीच वर्षं तिथंच होत्या. दोन्ही हातांची सगळी बोटं घेऊन त्या घरी गेल्या. दर संक्रांतीला त्यांचा फोन येतो. लग्नाचा विषय अजून सोडलेला नाही.

आता हातकणंगल्याला माझं स्वतःचं छोटं युनिट आहे. माझ्या बोर्डवर पडद्याला स्वतःची तार आहे, आणि ती थेट क्लचपर्यंत जाते. तरी कधीतरी पडदा स्वतःच अडकतो, रिसेट होतो. तेव्हा माझं मशीन थांबतं आणि कारण मोठ्या अक्षरांत सांगतं. गिऱ्हाइकं येतात, समोर बसतात, चहा पितात आणि मुद्द्यावर येतात. "मॅडम, बाकी सगळं उत्तम आहे हो तुमचं. पण दुसऱ्यांचं बघा, कधीच थांबत नाही. तुमचं मशीन थांबतं."

"हो," मी म्हणते. "थांबतं."

मग मी उठते आणि बाही वर करते.

"दुसऱ्यांचंही आणा इथं. दोन्ही शेजारी ठेवू. आधी मी रिसेट मारते, मग तुम्ही हात घाला. माझ्यात मी घालते."